शाळेतील हातकागद

पाण्यात सुटे झालेले वनस्पतींचे तंतू जाळीवर एकत्र बसून वाळले की जो पापुद्रा तयार होतो, त्यालाच कागद म्हणतात. हे तंतू मुख्यतः डिंकाने नव्हे, तर वाळताना त्यांच्यातील सेल्युलोज या द्रव्याच्या रेणूंमध्ये जुळणाऱ्या हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरून राहतात. हे बंध पाण्याने सैल होतात, म्हणूनच रद्दी भिजवून तिचा पुन्हा कागद करता येतो आणि पहिली-दुसरीतील मुलांनाही ते साधते.

या कामाला वर्तमानपत्रापेक्षा जुन्या वह्यांची पाने बरी, कारण वर्तमानपत्राच्या शाईने लगदा करडा होतो. टाचण्या काढलेली पाने कापण्याऐवजी फाडावीत, म्हणजे तंतू कमी तुटतात (आणि फाडण्याचे काम मुलांना दोनदा सांगावे लागत नाही). तुकडे रात्रभर भिजवून, भरपूर पाणी घालून मिक्सरमधून काढण्याचे काम मात्र शिक्षकांनीच करावे.

खरे कौशल्य त्यापुढे लागते. नवखी मुले लगदा मुठीने उचलून जाळीवर थापतात आणि कागदाला गाठी येतात. तंतू सारखे पसरतात ते पाण्यातच. म्हणून टबातला लगदा ताकाइतका पातळ ठेवून, मच्छरदाणीची जाळी ताणून बसवलेली लाकडी चौकट, म्हणजेच साचा, त्यात तिरपी बुडवावी, आडवी करून सरळ वर उचलावी आणि पाणी निथळत असतानाच हलकेच हलवावी. मग साचा ओल्या सुती कापडावर पालथा घालून पाठीमागून स्पंजाने पाणी टिपले की थर कापडावर उतरतो.

झेंडूच्या पाकळ्या घालून भेटकार्डे करण्याची मोठ्यांची हौस समजण्याजोगी असली, तरी पहिला कागद साधाच असावा, म्हणजे त्यातले तंतू मुलांना उजेडात दिसतात. त्यावर शाई फुटते, कारण त्याला खळ, म्हणजे शाई शोषू न देणारा लेप, दिलेली नसते. तो लवकर फाटतोही, कारण प्रत्येक पुनर्वापरात तंतू आखूड होत जातात. १९४० मध्ये स्थापन झालेली पुण्याची हातकागद संस्था सुती चिंध्यांना पसंती देते ती त्यांच्या लांब, चिवट तंतूंसाठीच.

उरलेला लगदा मोरीत ओतू नये, नळी तुंबते. तो फडक्यातून गाळून, पिळून, गोळे करून वाळवल्यास पुढच्या वेळी भिजवून वापरता येतो.