दुर्मिळ पक्ष्याचा दाखला

पेडणे तालुक्यात मोरजीच्या किनाऱ्यावर, शापोरा नदी समुद्रास मिळते तेथील वाळूच्या दांड्यावर, हिवाळ्यात पाहुण्या पक्ष्यांची दाटी होते. उत्तरेकडून आलेले चिखले ओहोटीच्या ओल्या वाळूवर चार पावले धावतात, थबकतात, काही टिपतात आणि पुन्हा धावू लागतात. थव्यातील बहुतेक पक्षी धाकट्या जातीचे. क्वचित त्यांत एखादा थोरल्या जातीचा असतो. हिवाळी वेशात दोघेही सारखेच मातकट. ‘थोरला चिखल्या दिसला’ असे एखाद्या हौशी निरीक्षकाने सांगितले, तर जाणता माणूस पहिला प्रश्न विचारतो तो हा, की थोरला कशावरून?

‘मोठा वाटला’ हे उत्तर पुरेसे नाही. दुर्बिणीत एकटा पक्षी नेहमीच मोठा वाटतो. शेजारी उभ्या असलेल्या पक्ष्याच्या मानाने तो केवढा होता, चोच किती लांब व जाड, पाय लांब होते काय, त्यांवर हिरवट झाक होती काय, ऊन पाठीमागून होते की समोरून, अंतर किती, वेळ कोणती, हे सारे जागच्या जागी टिपून ठेवावयास हवे. आणि तेही पुस्तक उघडण्यापूर्वी. चित्र एकदा पाहिले की न दिसलेली खूणही दिसल्यासारखी वाटू लागते. जे दिसले नाही तेही लिहावे. ‘पाय पाण्यात होते, रंग कळला नाही’ हे वाक्य लिहिणाऱ्यावर वाचणाऱ्याचा विश्वास बसतो.

अशा टिपणाचा उपयोग कधीकधी लिहिणाऱ्यालाही ठाऊक नसतो. ज्याला धाकटा चिखल्या म्हणत, त्यात तिबेटी आणि सैबेरियन अशा दोन स्वतंत्र जाती आहेत, असे २०२३ च्या सुमारास जागतिक पक्षीसूचींत मानले जाऊ लागले. ज्यांनी वहीत केवळ नाव लिहिले होते, त्यांच्या नोंदी येथे मुक्या झाल्या. परत जाण्यापूर्वी, वसंतात, रंग चढू लागलेल्या पक्ष्याचे कपाळ काळे होते की पांढरे, एवढे ज्याने लिहून ठेवले, त्याची जुनी वही मात्र आजही बोलते.

डिचोलीकडे वळले की निराळाच पेच उभा राहतो. खाणींच्या या तालुक्यातही मयेचे तळे आहे, रानाच्या सावलीतून वाहणारे ओहोळ आहेत. अशा एखाद्या ओहोळावर निळ्या कानाचा खंड्या दिसल्याचे कोणी सांगितले, तर ते कसे पडताळावे? नेहमीच्या लहान खंड्याच्या कानाजवळ तांबूस पट्टा असतो, याचा कान निळा. खूण सोपी वाटते. परंतु निळ्या कानाच्या खंड्याच्या पोरवयात त्याचाही कान तांबूसच असतो! म्हणून एका खुणेवर निर्णय सोपवू नये. पाठीच्या निळाईचा गडदपणा, आवाज आणि बसण्याची जागा यांचीही साक्ष घ्यावी.

छायाचित्र हाती असले की हा खटाटोप कशाला, असे कोणी म्हणेल. छायाचित्र मोलाचे खरे, पण त्यासोबतचे स्थळ आणि दिनांक खोटे असतील तर? वनपिंगळ्याची हकीगत या बाबतीत डोळे उघडणारी आहे. १८७३ साली ह्यूमने या घुबडाचे वर्णन प्रसिद्ध केले. मुंबई इलाख्यातील सनदी अधिकारी जेम्स डेव्हिडसन याने खानदेशात त्याचे नमुने मिळवले. १८८४ नंतर मात्र खात्रीची नोंद मिळेना. फक्त रिचर्ड माइनर्टझहागन या इंग्रज संग्राहकाचा एक नमुना होता. चिठ्ठीवर लिहिलेले, गुजरातेतील मांडवी, १९१४. पॅमेला रासमुसेन या अमेरिकन विदुषीने नमुन्यांची कसून तपासणी केली, तेव्हा निघाले ते असे, की तो पक्षी डेव्हिडसनच्याच संग्रहातून चोरलेला, नव्याने भरलेला आणि खोटी चिठ्ठी बांधलेला होता. त्या चिठ्ठीचा भरवसा सोडून, जुन्या खऱ्या चिठ्ठ्यांच्या आधारे रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट निघाले. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी, सातपुड्याच्या पायथ्याशी शहाद्याजवळ, दिवसाढवळ्या फांदीवर बसलेला वनपिंगळा त्यांना दिसला. डोक्यावर साध्या पिंगळ्यासारखे ठिपके जवळजवळ नव्हते. त्यांनी छायाचित्रे घेतली, चलत्‌चित्रण केले. एकशे तेरा वर्षांपूर्वीच्या प्रामाणिक चिठ्ठीने वाट दाखवली, खोटीने ती चुकवली होती.

गोव्यात अशा नोंदींची परंपरा तशी कोवळी आहे. मुक्तीनंतर पंधरा वर्षांनी, १९७६ साली, रॉबर्ट ग्रब आणि सालीम अली यांची गोव्याच्या पक्ष्यांची यादी मुंबईच्या निसर्गेतिहास संस्थेच्या नियतकालिकात आली. यादीत नाव नाही म्हणून पक्षी नाही असे होत नाही. परंतु कचेरीत कागद पुढे येतात तेव्हा नेमके तसेच धरले जाते. पेडण्यातील मोपा पठारावरील विमानतळाची पर्यावरण परवानगी सर्वोच्च न्यायालयाने २९ मार्च २०१९ रोजी स्थगित केली, ती दिलेल्या माहितीतील उणिवांमुळेच. पुढे जानेवारी २०२० मध्ये स्थगिती उठली आणि जानेवारी २०२३ पासून विमाने उडू लागली. त्या पठारावर कधी कोणते पक्षी वावरत होते, हे आता जुन्या वह्यांतूनच समजावयाचे.

दुर्मिळ पक्षी घरट्यावर असेल तर जागेचा नेमका पत्ता चारचौघांत सांगू नये. चांगल्या चित्रासाठी थवा उडवू नये. आणि रिकाम्या फेऱ्याही लिहाव्यात: अमुक दिनांक, मये, सकाळी सात ते नऊ, आकाश निरभ्र, पक्षी दिसला नाही.