देवगिरीचा डोंगर आणि गोदावरीचे पाणी

(खुलताबाद येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेले भाषण)



मलिक अंबर, औरंगजेब आणि पहिला निजाम असफजाह या तिघांच्याही कबरी खुलताबादच्या परिसरात आहेत. पहिल्याने मोगलांना रोखण्यात आयुष्य वेचले, दुसऱ्याने दक्षिण जिंकण्यासाठी आयुष्याची अखेरची पंचवीस वर्षे घालविली आणि तिसऱ्याने त्या जिंकलेल्या दक्षिणेवर दिल्लीपासून अलग अशी स्वतःची सत्ता उभी केली. परस्परांचे हेतू हाणून पाडणाऱ्या तीन सत्ता एकाच पठारावर येऊन विसावल्या आहेत. सूफी संतांच्या सान्निध्यात चिरविश्रांती मिळावी ही इच्छा, हे त्याचे उघड कारण होय. परंतु ते संत तरी या डोंगरावर का आले? शेख बुऱ्हानुद्दीन गरीब हे दिल्लीच्या निजामुद्दीन औलियांचे शिष्य. महंमद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दौलताबादला हलविली नसती, तर १३३७ मध्ये त्यांचे देहावसान येथे झाले नसते. म्हणजे प्रश्न फिरून राजधानीपाशीच येतो, आणि राजधानीच्या प्रश्नातून भूगोलाच्या प्रश्नाकडे.

नकाशा समोर ठेवला की त्याचा काहीसा उलगडा होतो. उत्तरेकडून दक्षिणेत उतरणाऱ्या सैन्याला नर्मदा ओलांडल्यावर असीरगड आणि बुऱ्हाणपूरच्या वाटेने तापीच्या खोऱ्यात यावे लागे. तेथून पुढे सातमाळा-अजिंठ्याची रांग आडवी येते. ती ओलांडण्याच्या वाटा मोजक्या, आणि त्यांपैकी चाळीसगावकडून कन्नडला चढणारी वाट देवगिरीच्या अंगावरून गोदावरीच्या काळ्या जमिनीकडे जाते. जो देवगिरीवर बसेल त्याच्या हाती घाटाची किल्ली आणि पायथ्याशी धान्याचे खोरे. यादव भिल्लमाने बाराव्या शतकाच्या अखेरीस येथे राजधानी केली, ती काही केवळ डोंगराच्या मोहाने नव्हे. पाचशे वर्षे या सुळक्यासाठी लढाया होत राहिल्या, त्याचे कारण हेच.

एवढ्यावरून कोणी असा सिद्धान्त मांडील की राज्यांचे भवितव्य डोंगर-नद्याच ठरवितात. असे सिद्धान्त मांडले गेलेले आहेत. जर्मन पंडित राट्झेल याने १८९७ च्या आपल्या ग्रंथात राज्याला वाढत्या सजीवाची उपमा दिली. इंग्लंडच्या मॅकिंडरने १९०४ मध्ये युरेशियाचा अंतर्भाग हा जागतिक सत्तेचा आस ठरविला. राट्झेलच्या ‘जीवनावकाशा’ची कल्पना पुढे नाझींनी कोणत्या कामाला लावली हे सर्वश्रुत आहे. विस्तारवाद्यांना भूगोलाचा आधार नेहमीच प्रिय असतो, कारण निसर्गाला जबाबदार धरले की आक्रमकाला जबाब द्यावा लागत नाही. देवगिरीचा इतिहास मात्र या सिद्धान्ताची साक्ष पुरी देत नाही.

१२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजी येथे आला तेव्हा गड अभेद्य होता आणि गडावर धान्य नव्हते. फिरिश्त्याने दिलेली कथा अशी की, कोठारात रचलेली पोती धान्याची समजून वेढा सोसावयाचे ठरले. पोती उघडली तेव्हा आत मीठ निघाले. कथा शब्दशः खरी धरण्याचे कारण नाही, पण तीतला अर्थशास्त्राचा धडा पक्का आहे. कातळ शत्रूला अडवितो, सैन्याला पोसत नाही. पोसते ते खोऱ्यातील शेतकऱ्याचे वरकड उत्पन्न, आणि ते गडापर्यंत आणून साठविण्याची व्यवस्था.

तुघलकाची गोष्ट याच्या पुढची. नकाशावर पाहिले तर त्याची निवड वेड्याची नव्हती. दौलताबाद त्याच्या साम्राज्याच्या मध्याच्या पुष्कळ जवळ होते. परंतु इब्न बतूताने दिल्ली ते दौलताबाद हे अंतर चाळीस दिवसांच्या वाटचालीचे सांगितले आहे. चाळीस दिवसांच्या वाटेवर वसूल, फौज आणि फर्मान यांची ने-आण सांभाळण्याचे साधन त्या राज्यसंस्थेपाशी नव्हते. १३३६ च्या सुमारास विजयनगर उभे राहिले आणि १३४७ मध्ये खुद्द दौलताबादेतच बहमनी राज्याची स्थापना झाली. येथून दक्षिण दिल्लीला जोडावयाची होती. ती येथूनच तुटली.

या भूमीचा हिशेब नीट मांडणारा पहिला राज्यकर्ता म्हणून मलिक अंबराचेच नाव घ्यावे लागते. गुलाम म्हणून विकला गेलेला हा हबशी निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला. १६१० मध्ये त्याने खडकी वसविली. पुढे तिचेच औरंगाबाद झाले आणि आजचे छत्रपती संभाजीनगर. उत्तरेच्या टेकड्यांतील झिरप भूमिगत नळांनी त्याने शहरात आणली. जमिनीची प्रत पाहून सारा ठरविला. दक्षिणी तट्टांवरचे हलके घोडदळ मोगलांच्या जड तोफखान्याभोवती फिरवून त्याने त्यांची रसद तोडली. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत तलावाचे पाणी सोडून त्याने शत्रूची छावणी चिखलात रुतविली. याच लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले आणि त्यांचे बंधू शरीफजी पडले. भूगोल सर्वांना सारखाच होता. तो वापरण्याची रीत अंबरापाशी होती. अर्थात ती रीत एका माणसाच्या कर्तबगारीवर उभी होती हे विसरून चालणार नाही. १६२६ मध्ये तो वारला, १६३० च्या दुष्काळाने खोरे ओस पाडले आणि १६३३ मध्ये मोगलांनी दौलताबाद घेतले.

औरंगजेबाने विजापूर १६८६ मध्ये आणि गोवळकोंडा १६८७ मध्ये जिंकला. सपाटीवरील त्या राजधान्या पडल्या, पण सह्याद्रीचे गड एका मोसमात घ्यावे आणि पुढच्या मोसमात गमवावे असे चालले. लाखोंच्या छावणीला दाणा-वैरण पुरविताना मुलूख उजाड झाला, आणि उजाड मुलूख सारा देत नाही. विस्तार स्वतःचाच पाया खात गेला. ज्यांना या कबरीपाशी येऊन भांडावयाचे असते, आणि २०२५ च्या मार्चमध्ये त्या भांडणाचे लोण नागपुरात दंगलीपर्यंत गेले, त्यांना हा हिशेब मांडण्याची सवड नसते.

यानंतरचा भाग सहसा सांगितला जात नाही. १७६३ मध्ये निजामाने राजधानी हैदराबादला नेली. डोंगर तोच, घाट तेच, नदी तीच. पण शतकानुशतके मध्यवर्ती असलेला हा प्रदेश एका राज्याचा वायव्य कोपरा झाला. इंग्रजांची मुंबईहून निघालेली रेल्वे नाशिक, मनमाड, भुसावळ अशी अजिंठ्याच्या रांगेपलीकडून गेली. औरंगाबादला रेल्वे मिळाली ती १९०० मध्ये, तीही मीटरगेज. मनमाडला माल एका गाडीतून उतरवून दुसरीत चढवावा लागे, आणि ही अडचण १९९० च्या दशकापर्यंत टिकली. या अडथळ्याला निसर्गाने उभारलेला घाट कोण म्हणेल?

मराठवाडा निसर्गतःच दुष्काळी, असे मुंबईत सहज म्हटले जाते. पर्जन्यछायेची गोष्ट खरीच आहे. पण त्याच पर्जन्यछायेत नगर जिल्ह्याचा मोठा भाग येतो. तेथे भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले, कालव्यावर ऊस उभा राहिला, १९५० मध्ये लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून सहकारी साखर कारखाना निघाला, आणि कारखान्यांतून राज्याच्या राजकारणातील एक बलाढ्य थर तयार झाला. ती सत्ता पावसाने दिलेली नव्हती. सरकारी भांडवलाने बांधलेल्या धरणाने तिचा पाया घातला. पैठणच्या जायकवाडीची पायाभरणी व्हावयास १९६५ साल उजाडले, आणि उद्घाटन १९७६ मध्ये झाले. १९८४ मध्ये प्रा. वि. म. दांडेकर समितीने राज्याचा अनुशेष ३,१८६ कोटी रुपयांहून अधिक काढला. त्यात सर्वांत मोठा भाग सिंचनाचा होता.

जायकवाडीची एकूण क्षमता सुमारे १०२ टीएमसी. वर नाशिक-नगरची धरणे आधी भरतात, उरलेले पाणी खाली येते. पूर्वी घाटावर बसलेला सत्ताधीश वाटसरूकडून जकात घेई; आता नदीच्या वरच्या अंगाला बसलेला तसाच बलवान असतो. फरक इतकाच की या बळाला कायद्याने लगाम घालता येतो. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याने समन्यायी वाटपाचे तत्त्व मान्य केले. २०१४ मध्ये प्राधिकरणाने आदेश दिला की, १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा साठा ६५ टक्क्यांहून कमी असेल तर वरून पाणी सोडावे. २०२३ मध्ये ८.६ टीएमसी सोडण्याचे ठरले, तेव्हा वरच्या तालुक्यांतून विरोध झाला आणि खालून ते लवकर सुटावे म्हणून आंदोलने झाली. दोन्हीकडे उभा होता तो शेतकरीच. उसाखाली किती पाणी जाते आणि कोणाच्या उसाखाली, हा प्रश्न दोन्हीकडच्या सभांत फारसा विचारला गेला नाही.

जायकवाडीच्या फुगवट्याखाली शंभराहून अधिक गावे गेली. कालव्यांचे पाणी जालना, परभणी, बीडकडे उतरते. खुलताबाद धरणाच्या कितीतरी वर, डोंगरावर आहे. ज्या उंचीमुळे हे पठार साम्राज्यांना हवे होते, त्याच उंचीमुळे त्या कालव्यांचे पाणी येथे कधी चढणार नाही. येथील शेतकऱ्याला गिरजेच्या लहानशा खोऱ्यावर, विहिरीवर आणि वेळेवर पडणाऱ्या पावसावरच भागवावे लागते.