हलगी, लेझीम आणि क्वांटम संगणक
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



सकाळपासून चहाच्या टेबलापाशी मला चौघींनी एकच प्रश्न विचारला. "अगं, तू क्वांटममध्ये आहेस म्हणे, म्हणजे नक्की करतेस काय?" संयोजकांनी मला हाच विषय दिलाय आणि यानंतर जेवण आहे, हे मला माहीत आहे. म्हणून क्वांटम संगणक जग कसं बदलणार वगैरे मी सांगत नाही. ते पेपरात येतं, आणि बरंच फुगवून येतं. मी त्यातल्या एका लहान कामाबद्दल बोलते. त्या यंत्राला हुकूम कसे द्यायचे, आणि ते देणं सोपं कसं करायचं. मला पगार त्याचाच मिळतो.

आपल्या रोजच्या संगणकात लॉजिक गेट ही चिपवर कोरलेली वस्तू असते. अँड, ऑर, नॉट. वीज तिच्यातून जाते आणि उत्तर बाहेर पडतं. क्वांटम संगणकात बहुतेक वेळा उलटं असतं. तिथे माहिती धरून ठेवणारा क्यूबिट जागेवर असतो आणि गेट त्याच्याकडे चालून येतं. गेट म्हणजे लहरींचा एक झटका, ठरावीक वेळ आणि ठरावीक जोराचा. त्या झटक्याने क्यूबिटची अवस्था हवी तेवढीच फिरली पाहिजे. किंचित जास्त फिरली तर ती चूक तशीच पुढच्या पायरीत जाते आणि साचत राहते. नेहमीच्या संगणकात शून्य किंवा एक अशा दोनच जागा, त्यामुळे थोडं इकडेतिकडे खपून जातं. इथे मधल्या सगळ्या जागाही खऱ्या आहेत.

आता असा एक क्यूबिट सांभाळणं जमेल. पण शंभर असले, हजार असले, तर प्रत्येकाला वेगळा झटका द्यायचा कसा?

क्यूबिट बनवायची एक जुनी आणि चांगली रीत म्हणजे आयन. निर्वात पेटीत, विजेच्या क्षेत्रांनी एकेक भारित अणू हवेत लटकवल्यासारखा धरून ठेवायचा. (निर्वातात हवा नसते, हे विज्ञानाच्या बाई आत्ता सांगणारच होत्या, मला चेहऱ्यावरून कळलं.) १९९५ मध्ये सिराक आणि झोलर या दोघांनी आयनांवर गेट कसं चालवता येईल ते कागदावर मांडलं, आणि त्याच वर्षी अमेरिकेत बोल्डरला वाइनलंड आणि मनरो यांच्या गटाने बेरिलियमचा एक आयन घेऊन तसं गेट करूनही दाखवलं. वाइनलंडना २०१२ मध्ये नोबेल मिळालं. हे सगळं लेझरने केलेलं होतं. लेझर म्हणजे काय, तर शेजारी शेजारी, मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागावर बसलेल्या आयनांपैकी नेमक्या एकावर किरण पाडायचा. आरसा जरा हलला की नेम चुकला. आयन वाढले की किरण वाढणार, आणि ते सगळे एका रेषेत धरून बसायची शिक्षा वाढणार.

इथे मला आपलं मैदान आठवतं. २६ जानेवारीच्या लेझीमची तालीम. पहिल्या वर्षी पी.टी.चे सर प्रत्येक रांगेपाशी धावत जाऊन "आता तुम्ही वाका, आता तुम्ही उठा" असं ओरडायचे. आठ रांगा. तिसऱ्या दिवशी सरांचा घसा बसला. मग त्यांनी मैदानावर फक्कीच्या रेषा मारल्या आणि सांगितलं, हलगी सगळ्यांना एकच वाजेल. तुम्ही कुठल्या रेषेवर उभे आहात त्यावरून काय करायचं ते ठरेल. एखाद्याकडून वेगळं काही हवं असेल तर सर त्याला फक्त दुसऱ्या रेषेवर उभं करायचे. हलगी तीच.

इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठात हेन्सिंगर, वाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये जवळपास हेच केलं. मूळ कल्पना त्याआधीची, मिंटर्ट आणि वुंडरलिश यांनी २००१ मध्ये मांडलेली. कल्पना अशी, की चुंबकीय क्षेत्र सगळीकडे सारखं ठेवायचं नाही, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे ते वाढत जाऊ द्यायचं. मग प्रत्येक आयन जिथे उभा असेल, त्याप्रमाणे तो थोड्या वेगळ्या वारंवारितेला 'ओ' देतो. यिटर्बियमच्या आयनासाठी ही वारंवारिता १२.६ गिगाहर्ट्झच्या आसपास येते, म्हणजे मायक्रोवेव्ह. मोबाइल, रडार यांच्या घराण्यातल्या लहरी. त्या नेम धरून सोडाव्या लागत नाहीत, सगळ्या चिपवर एकदम पसरल्या तरी चालतात. कुठल्या आयनाने गेटमध्ये भाग घ्यायचा ते चिपवरच्या छोट्या पट्ट्यांना दिलेल्या व्होल्टेजने ठरतं, कारण व्होल्टेज बदललं की आयन आपल्या रेषेवरून सरकतो. त्यांच्या दोन आयनांच्या गेटची अचूकता सुमारे ९८.५ टक्के आली. लेझरने याहून चांगले आकडे आधीच मिळालेले होते. पण मला आकड्यापेक्षा हिशोब आवडला. क्यूबिट वाढले तरी लहरी वाढत नाहीत. वाढतं ते व्होल्टेज, आणि व्होल्टेज देणं आपल्याला इतकी वर्षं फार छान जमतंय.

फुकट मात्र काही मिळत नाही. अशी गेट्स लेझरच्या मानाने संथ असतात. शिवाय जो आयन चुंबकीय क्षेत्राला मुद्दाम हळवा केलाय, तो बाहेरच्या चुंबकीय गडबडीनेही बिचकतो, त्यासाठी वेगळी तजवीज करावी लागते. सोपं करणं म्हणजे बहुतेकदा अवघडपणा उचलून दुसऱ्या खोलीत ठेवणं. ती खोली झाडायला सोपी असली म्हणजे झालं.

मी स्वतः आयनांवर काम करत नाही. माझा गट अतिवाहक क्यूबिटसाठी सॉफ्टवेअर लिहितो. ही दुसरी जात. चिप उणे २७३ अंशांच्या अगदी जवळ थंड ठेवायची आणि केबलमधून काही गिगाहर्ट्झचे झटके पाठवायचे. इथेही एक फार सुरेख युक्ती आहे. क्यूबिट एका विशिष्ट अक्षाभोवती फिरवायचा असेल, तर झटका पाठवूच नका. पुढच्या झटक्यांचा फेज तेवढ्या अंशांनी बदला, उत्तर तेच येतं. वेळ शून्य, यंत्राकडून होणारी चूक शून्य, फक्त सॉफ्टवेअरमध्ये एक आकडा बदलायचा. आयबीएमच्या संशोधकांनी २०१७ मध्ये यावर नीट लिहिल्यावर ती बऱ्याच ठिकाणी रुळली.

तो आकडा आमच्याकडे मी लिहिला. आणि चिन्ह उलटं लिहिलं. अधिकच्या जागी उणे.

तपासलं नव्हतं असं नाही. अर्धा झटका, मग माझं फिरवणं, मग परत तसाच अर्धा झटका, आणि मोजमाप. उत्तर अगदी बरोबर येत होतं. पण लांब प्रोग्रॅम चुकत होते. आम्ही केबलवर संशय घेतला, चिपवर घेतला. थंड यंत्र गरम करून उघडायचं ठरत आलं होतं, आणि ते परत थंड करायला काही दिवस जातात. त्या रात्री मी चाचणीचं गणित हाताने मांडलं. उत्तरात फक्त कॉस थीटा येत होता.

सर, तुम्ही इथे पहिल्या रांगेत बसलाय म्हणून सांगते. "कॉसला उणे कळत नाही, साइनला कळतं," असं म्हणून तुम्ही माझा एक मार्क कापला होता, आणि मी घरी जाऊन रडले होते. माझी चाचणी कॉसवर होती. थीटा दिला काय, उणे थीटा दिला काय, तिला दोन्ही सारखेच. दुसरा झटका नव्वद अंशांनी वळवला, की उत्तरात साइन येतो आणि चूक लगेच दिसते. दिसली. सकाळी गटाला सांगताना पाय थरथरत होते, कारण तीन दिवस मीच सगळ्यात मोठ्याने केबलला नावं ठेवत होते.

एक आपल्या जवळचं सांगते. ऑगस्ट २०२४ मध्ये सहा क्यूबिटच्या प्रोसेसरची चाचणी पूर्ण झाल्याची बातमी आली होती. क्यूबिट मुंबईत टीआयएफआरने बनवलेले, आणि त्यांना हुकूम देणारी, मोजमाप करणारी यंत्रणा पुण्याला डीआरडीओच्या तरुण शास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेने जुळवलेली. त्यात बाजारात मिळणारी इलेक्ट्रॉनिक्स आणि स्वतः प्रोग्रॅम केलेले बोर्ड होते. मथळ्यात सहा हा आकडा होता. मी मात्र ते बोर्डवालं वाक्य दोनदा वाचलं. आपल्यापैकी कुणाची मुलं इलेक्ट्रॉनिक्सला असतील आणि क्वांटमला घाबरत असतील, तर त्यांना माझा फोन नंबर द्या. या कामातला बराचसा भाग त्यांच्याच ओळखीचा आहे.

ती साइनची चाचणी आता आमच्याकडे रोज रात्री आपोआप चालते. तिला मी सरांचं आडनाव दिलंय. परदेशी सहकाऱ्यांना ते नीट उच्चारता येत नाही, पण काल रात्रीसुद्धा ती चालली आणि पास झाली. सर, जेवताना मी तुमच्या शेजारी बसणार आहे.