सही आमची, अधिकार कोणाचा?

सिमेंट आणि वीज प्रकल्पांतून आलेले सुरक्षा अधिकारी, दंतवैद्यक मित्र, आणि सिरोंचा-भामरागडहून रात्रीची एसटी धरून चंद्रपूरला पोचलेल्या माझ्या तंत्रज्ञ बंधू-भगिनींनो,

अध्यक्षानं आपल्या क्षेत्राचा आढावा घ्यावा अशी प्रथा आहे. मी तो थोडक्यात उरकणार आहे. मला एकच गोष्ट बोलायची आहे. नोकरीत होतो तोवर ती बोलता आली नाही.

आढावा असा. अणुऊर्जा नियामक मंडळ, आपल्या बोलण्यातलं एईआरबी, 15 नोव्हेंबर 1983 ला स्थापन झालं. तारापूरपासून कैगापर्यंतच्या अणुभट्ट्या त्याच्या देखरेखीखाली आहेत, तशीच आपल्या ग्रामीण रुग्णालयातली एक्स-रेची खोलीसुद्धा आहे. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी 2012 मध्ये मंडळाच्या कामावर अहवाल दिला. देशातल्या 57,443 वैद्यकीय एक्स-रे केंद्रांपैकी फक्त 5,270 केंद्रं नोंदलेली आहेत, असं त्यात निघालं. राज्याराज्यांत किरणोत्सार सुरक्षा संचालनालय उभारा, असं सर्वोच्च न्यायालयानं 2001 मध्येच सांगितलं होतं. जुलै 2012 पर्यंत ते उभं राहिलं केरळ आणि मिझोराममध्ये. पुढे मंडळाचं ई-लोरा पोर्टल आलं, नोंदणी वाढली, परवाने घरबसल्या मिळू लागले. मंडळ सरकारच्याच हाताखाली असावं की नसावं, हा वाद गेली कित्येक वर्षं चालला. डिसेंबर 2025 मध्ये संसदेनं अणुऊर्जेचा नवा कायदा केला आणि मंडळाला वैधानिक दर्जा दिला. चांगलं झालं.

आता माझा प्रश्न. मंडळाला दर्जा मिळाला. भामरागडच्या आरएसओला, म्हणजे किरणोत्सार सुरक्षा अधिकाऱ्याला, काय मिळालं?

प्रत्येक एक्स-रे केंद्रात एक किरणोत्सार सुरक्षा अधिकारी असलाच पाहिजे, असा नियम आहे. पोर्टलवर त्याचं नाव भरल्याशिवाय परवान्याचा अर्ज पुढे सरकत नाही. आपल्याकडे ते नाव बहुधा तंत्रज्ञाचंच असतं, कारण रेडिओलॉजिस्ट नागपूर सोडून इकडे यायला तयार नसतो. आणि 2004 चे किरणोत्सार संरक्षणाचे नियम या अधिकाऱ्याला काय देतात? मुख्यतः मालकाला सल्ला द्यायचा आणि मदत करायची. सल्ला मानला नाही तर काय, याचं उत्तर तालुक्याच्या रुग्णालयात मला कधी मिळालं नाही.

सकाळच्या सत्रात यावर चर्चा रंगली. आरएसओ डॉक्टर असावा की तंत्रज्ञ, असा वाद झाला. एका मित्रानं सांगितलं की छातीच्या एका फोटोचा डोस 0.02 मिलिसिव्हर्टच्या आसपास असतो, त्यासाठी एवढा गहजब कशाला? त्या मित्राला माझ्या नोकरीतली एक गोष्ट सांगतो.

गडचिरोली जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात बदलून गेलो होतो. एक्स-रेची खोली नव्यानं दुरुस्त केलेली, रंग ताजा होता. चेस्ट स्टँड ज्या भिंतीला टेकवला होता तिच्यावर बोटाच्या पेराने ठोकलं तर आवाज पोकळ आला. दाराच्या चौकटीशी पट्टी लावून पाहिली. वीट आडवी एकेरी, वर प्लास्टर, साडेचार इंचाची भिंत. किरणांचा मुख्य झोत जिच्यावर पडतो ती भिंत विटांची 35 सेंटिमीटर जाड लागते, इतर भिंतीही 23 सेंटिमीटर, म्हणजे आपली नऊ इंची. ही पार्टिशनची भिंत होती आणि तिच्यामागे वऱ्हांड्यात लाकडी बाक होता. गरोदर बायांच्या तपासणीच्या दिवशी त्या बाकावर पोटुशा बाया ओळीनं बसायच्या. पाठ भिंतीला टेकून बसायच्या, कारण पहाटे घरून निघून, नाला ओलांडून आलेल्या असायच्या.

अर्जावर आरएसओ म्हणून नाव माझं. मी लेखी कळवलं. उत्तर आलं, बांधकाम झालेलं आहे, निधी नाही, तुम्ही फोटो काढणं सुरू ठेवा. पुन्हा लिहिलं. तेव्हा तोंडी निरोप आला की एक्स-रे बंद राहिला तर क्षयरोगाचे रुग्ण परत जातील आणि जबाबदारी तुमची. शेवटी एका संध्याकाळी सफाई कामगाराला सोबत घेऊन मी स्टँडचे बोल्ट काढले, समोरच्या बाहेरच्या जाड भिंतीला तो लावला आणि बाक वऱ्हांड्याच्या दुसऱ्या टोकाला नेला. त्या बाहेरच्या भिंतीमागे मोहाची झाडं आणि कुंपण, माणसाचा वावर नाही. दुसऱ्या दिवशी मेमो हातात पडला. विनापरवानगी शासकीय मालमत्ता हलवली.

मित्रा, हिशेब केला तर त्या बाकावरच्या बाईला पोचलेला डोस फार मोठा निघणार नाही, हे मलाही कळतं. स्टँड आणि अर्धी वीट काही किरणं अडवतातच. पण तो डोस कोणी मोजला होता? सामान्य माणसाला वर्षाला 1 मिलिसिव्हर्टची मर्यादा मंडळानं घालून दिली. पोटातल्या मुलाची बाजू त्या इमारतीत मांडणारा एकच माणूस नेमलेला होता, आणि त्याच्या हातात एक बोल्ट काढण्याचाही अधिकार नव्हता. आरएसओ डॉक्टर असता तर काय झालं असतं? मेमो डॉक्टरला मिळाला असता.

हातात धरायच्या एक्स-रे यंत्रांचंही तेच. क्षयरोगाच्या मोहिमेत ही यंत्रं पाड्यापाड्यावर गेली. ती नकोत म्हणणाऱ्यांना मी विरोध करतो. पाड्यावरचा म्हातारा धाप लागलेली असताना तालुक्याला येत नाही, यंत्रानंच त्याच्याकडे गेलं पाहिजे. पण शाळेच्या वर्गात शिबिर लागतं, फोटो काढताना रुग्णाच्या पाठीमागच्या खिडकीत सगळ्या गावची पोरं गोळा होतात. एकदा मी यंत्र खाली ठेवलं आणि पोरांना माझ्या मागच्या बाजूला, लांब बसवेपर्यंत एकही फोटो काढला नाही. दिवसाचा आकडा कमी भरला म्हणून वरच्यांचा फोन आला. यंत्र स्टँडवर लावा, तुम्ही दोन मीटर मागे जा, झोताच्या दिशेला कोणी ठेवू नका. हे सगळं शक्य आहे. फक्त थांबवणाऱ्याला थांबवू द्यायला हवं.

कारखान्यांतल्या मित्रांना वाटत असेल, हा रुग्णालयांचा प्रश्न आहे. तुमच्याकडे सिमेंट, कागद, कोळसा यांची पातळी किंवा जाडी मोजायला गेज लागतात, त्यांतल्या कित्येकांत सिझियम-137 असतं. आमचं मशीन बटण बंद केलं की बंद. तुमचा सिझियमचा स्रोत तीस वर्षांनी जेमतेम अर्धा होतो, कारखान्याला टाळं लागलं तरी तो चालूच असतो. 2010 मध्ये दिल्लीच्या मायापुरीत विद्यापीठाचं जुनं कोबाल्टचं यंत्र भंगारात विकलं गेलं आणि एका कामगाराचा जीव गेला. विक्रीच्या कागदावर सुरक्षा अधिकाऱ्याची सही लागली असती आणि त्याला नाही म्हणता आलं असतं, तर ते यंत्र भंगारवाल्याच्या हाती पडलंच नसतं.

म्हणून मागणी एकच. आरएसओनं लेखी थांबवलेलं यंत्र तपासणी होईपर्यंत सुरू करता येणार नाही, ही तरतूद नव्या कायद्याखालच्या नियमांत यावी, आणि त्याच्या पत्राची प्रत कार्यालयप्रमुखाला वळसा घालून थेट मंडळाकडे जावी. मंडळ अणुशक्तीनगरला आहे, प्रादेशिक केंद्रं कोलकाता, चेन्नई, दिल्लीला. गडचिरोलीच्या दारात निरीक्षक रोज येणार नाही, हे मला मान्य आहे. मग जो रोज तिथे आहे त्याला बळ द्या. तसं करायचं नसेल तर अर्जावरचा तो रकाना तरी काढून टाका, आमची नावं त्यात वापरू नका.

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांत मिळून किरणोत्सार मोजायला एक सर्व्हे मीटर घ्यावा, खोल्यांच्या भिंतींची नोंदवही करावी, लेड ॲप्रन घडी घालून भेगाळतात, त्यांचाच फोटो काढून तपासण्याची सवय लागावी, अशा काही गोष्टी मनात आहेत. त्यांचं कार्यकारिणीनं बघावं. आज मला ठराव हवा आहे. त्याचा मसुदा चहानंतर वाचला जाईल. ज्यांचा विरोध आहे त्यांनी तो उभं राहून बोलावा, मी उत्तर द्यायला इथेच आहे. आणि ज्यांच्यापुढे या महिन्यात नूतनीकरणाचा अर्ज येणार आहे, त्यांनी सहीआधी भिंतीला पट्टी लावावी, आणि जे मोजलं ते अर्जाला जोडावं.