कापूर, खोबरं आणि आईचं पार्सल

मी जुरोंग ईस्टहून बोलतोय.

आमच्या भागात सकाळी बस स्टॉपवर उभं राहिलं, की जुरोंग बेटाकडे जाणारे टँकर दिसतात. सात लहान बेटं भराव घालून जोडली आणि २००० साली रसायन-उद्योगाच्या या बेटाचं उद्घाटन झालं. टँकरच्या पाठीवर पाटी असते, तिच्यावर चार आकडी यूएन क्रमांक. पेट्रोलचा १२०३. माझं काम गोदामांच्या सॉफ्टवेअरचं, त्यामुळे हे आकडे रोज नजरेखालून जातात. एवढं असूनही मी काय केलं, ते सांगायला आज आलोय.

गेल्या वर्षी गणपतीच्या आधी आईने पुण्याहून पार्सल पाठवायचं ठरवलं. मोदकाचा साचा, चिवडा, कापराच्या वड्या, सुक्या खोबऱ्याच्या वाट्या, आणि जूनच्या सुट्टीत मुलगा तिथे विसरून आला होता ती पॉवर बँक. कुरियरच्या काउंटरवरून तिचा फोन आला. "अरे, आत काय काय आहे ते लिहायला सांगतायत." मी मीटिंगमध्ये होतो. म्हटलं, "पूजासाहित्य लिही आणि मोकळी हो."

पार्सल तपासणीत अडकलं. आईला बोलावणं आलं. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई रिक्षा करून गेली, दोन तास बाकावर बसली. "आजी, हे लपवून का पाठवलंत?" असं एका पोराने विचारलं. तीस वर्षं शाळेत शिकवलेल्या बाईला! सही तिची होती, शब्द माझा होता. ती मला काही बोलली नाही, त्याचंच जास्त लागलं.

त्या रात्री मी तिची यादी गोदामाच्या तक्त्याशी ताडून पाहिली. वड्यांमधला कृत्रिम कापूर: २७१७, पेट घेणारा घन पदार्थ. सुकं खोबरं: १३६३, आपोआप तापून पेटू शकणारा माल. आपण ते वरणफळात घालतो, पण ढिगाने बंद जागी राहिलं तर त्यातलं तेल हवेशी संयोग पावून तापत जातं. (हा क्रमांक वाळवलेल्या खोबऱ्याचा, ओल्या नारळाचा नव्हे.) आणि पॉवर बँक: ३४८०. सुटी लिथियम-आयन बॅटरी प्रवासी विमानातून माल म्हणून न्यायला १ एप्रिल २०१६ पासून बंदी आहे.

मला आधी वाटलं होतं, सगळी कागदी कटकट. पण ११ मे १९९६ ला फ्लोरिडात एक प्रवासी विमान कोसळलं, ११० माणसं गेली. मालात विमानातले जुने ऑक्सिजन तयार करणारे डबे होते. ते रिकामे नव्हते, पण कागदावर रिकामे म्हणून लिहिले होते. ते लिहिणाऱ्यालाही बहुधा मोकळंच व्हायचं असेल. २०१० च्या सप्टेंबरात दुबईहून उडालेल्या मालवाहू विमानाला आग लागली, दोन्ही वैमानिक गेले. त्यात लिथियम बॅटऱ्यांचा मोठा साठा होता.

आता कामाचं. कापूर आणि खोबरं सिंगापुरात सेरंगून रोडला मिळतं, आईला त्रास देऊ नका. अत्तर आणि नेलपॉलिशही याच पंक्तीतले, पार्सलात घालण्यापूर्वी विचारा. पॉवर बँक चेक-इन बॅगेत कधीच नाही, हातातल्या बॅगेत. शंभर वॅट-अवरपर्यंत परवानगी लागत नाही, १६० पर्यंत विमान कंपनीला विचारावं लागतं, त्यावर नाहीच. हिशेब सोपा: मिलिअँपिअर-अवरला ३.७ ने गुणा, हजाराने भागा. वीस हजारांची पॉवर बँक ७४ भरते. सिंगापूर एअरलाइन्स आणि स्कूटच्या विमानात १ एप्रिल २०२५ पासून ती वापरायलाही बंदी आहे, नुसती जवळ ठेवायची. आणि आकडा पुसलेला असेल, तर काउंटरवर वाद घालण्यापेक्षा ती घरीच ठेवा.

आमचं पार्सल शेवटी आलं, तीन वस्तू कमी होऊन. यंदा आईने पाठवण्याआधी फोनवर यादी वाचून दाखवली, एकेक वस्तू, हजेरी घेतल्यासारखी. "साजूक तूप?" "कुरियरवाल्यांना विचार." "चकली?" "चालेल." "नक्की ना? बघून सांग." मी तिच्यासमोर तक्ता उघडून बघितला.

दिवाळीला निघणाऱ्यांनी आज रात्रीच पॉवर बँकेच्या पाठीवरचा आकडा वाचून घ्या.