परक्या भांडवलाच्या अटी



आपली परिषद रायपूरच्या उरला औद्योगिक वसाहतीत भरते आहे. चीनचं परदेशांतलं भांडवल हा विषय, मग परिषद दिल्ली-मुंबईला का नाही, असं काही जणांनी विचारलं. त्यांनी इथल्या कुठल्याही रोलिंग मिलच्या मालकाशी पाच मिनिटं बोलावं. २०२४ साली चीनने ११ कोटी टनांहून अधिक पोलाद निर्यात केलं. एवढा माल बाजारात उतरला की भाव जगभर दबतात. बिलेट आणि सळईचा धंदा करणाऱ्या या वसाहतीला ते कुणी समजावून सांगावं लागत नाही.

आणि रायपूरला या प्रश्नाची परंपरा आहे. माधवराव सप्रे इथलेच. घरची भाषा मराठी, लेखणी हिंदीत. १९०० साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ़ मित्र’ हे मासिक सुरू करणाऱ्या सप्र्यांनी १९०६ मध्ये स्वदेशी आणि बहिष्कारावर पुस्तक लिहिलं. परक्या व्यापाराने देशाचं काय होतं, हा विचार या शहराने तेव्हापासून केलेला आहे.

मला आज एकच गोष्ट मांडायची आहे. पैसा कुठल्या देशाचा, यावर आपण फार भांडतो आणि तो कुठल्या अटींवर आला, हे फार कमी वाचतो.

श्रीलंकेचं हंबनटोटा घ्या. चिनी बंदर, कर्जाचा सापळा, एवढंच सगळ्यांना ठाऊक असतं. हे बंदर चीनच्या एक्झिम बँकेच्या कर्जावर उभं राहिलं आणि २०१० मध्ये सुरू झालं. २०१७ मध्ये ते चायना मर्चंट्स पोर्ट या कंपनीकडे ९९ वर्षांच्या कराराने गेलं. त्यातून सुमारे ११२ कोटी डॉलर आले, पण बंदराचं कर्ज त्या पैशांनी फिटलं नाही. ते डॉलर गंगाजळीत गेले, कर्ज सरकारच्या डोक्यावर राहिलं. एप्रिल २०२२ मध्ये श्रीलंकेने हात वर केले, तेव्हा तिच्या परकीय देण्यातला सर्वांत मोठा वाटा आंतरराष्ट्रीय रोखेबाजारातून उचललेल्या पैशाचा होता. म्हणजे दोष एकट्या चीनचा नव्हता. पण म्हणून चीन निर्दोष ठरतो, असंही मी म्हणणार नाही. बंदर चालेल का, याचा हिशेब सावकाराने नीट मांडला नाही, ऋणकोनेही नाही, आणि जनतेला कुणी विचारलंच नाही.

इथेच खरं दुखणं आहे. मार्च २०२१ मध्ये एडडेटा या अमेरिकी संशोधन केंद्राने सहकारी संस्थांसह चीनचे २४ देशांशी झालेले १०० कर्जकरार तपासून अहवाल प्रसिद्ध केला. त्यातल्या २०१४ नंतरच्या प्रत्येक करारात गुप्ततेचं कलम निघालं. जवळपास तीन चतुर्थांश करारांत तर हे कर्ज इतर सावकारांबरोबरच्या सामूहिक फेररचनेत आणायचं नाही, असंही बंधन होतं. जे कर्ज पुढची पिढी फेडणार, त्याचा कागद तिला दाखवायचा नाही, हे मला अन्यायाचं वाटतं. झांबियाने नोव्हेंबर २०२० मध्ये हप्ता चुकवला. सरकारी सावकारांशी तडजोड व्हायला जून २०२३ उजाडला. त्यांतला सर्वांत मोठा सावकार चीन होता.

दुसरी बाजू इंडोनेशियाची, आणि आपल्या धंद्याला ती सर्वांत जवळची. २०२० पासून त्या देशाने कच्च्या निकेलची निर्यात बंद केली. खनिज हवं तर भट्ट्या आमच्याकडे लावा, असं सांगितलं. सुलावेसीत मोरोवालीला आधीच आलेल्या चिनी कंपन्यांनी भट्ट्या वाढवल्या आणि आज जगाचं निम्म्याहून अधिक निकेल इंडोनेशियाच्या खाणींतून निघतं. ही हिंमत दाद देण्याजोगी आहे. पण त्याच मोरोवालीत डिसेंबर २०२३ मध्ये भट्टीच्या स्फोटात वीसहून अधिक कामगार गेले. कोरबा आठवल्याशिवाय छत्तीसगडच्या माणसाला ही बातमी वाचता येत नाही. तिथे २३ सप्टेंबर २००९ ला बाल्को या ॲल्युमिनियम कंपनीच्या वीजकेंद्राची बांधकाम चालू असलेली चिमणी कोसळली, चाळीसहून अधिक मजूर दगावले. मुख्य कंत्राट सेपको या चिनी कंपनीकडे होतं, तिच्याखाली भारतीय कंत्राटदार. मालक, कंत्राटदार, उपकंत्राटदार अशी साखळी लांबली की माणसाच्या जिवाला उत्तर कोण देणार? करारातलं हे कलमही व्याजाच्या दराइतकंच बारकाईने वाचायला हवं.

परका पैसा वाईटच, असं मात्र या भूमीवर उभं राहून कुणी म्हणू नये. तासाभरावर भिलाई आहे. २ फेब्रुवारी १९५५ च्या करारानुसार सोव्हिएत कर्जावर तो कारखाना उभा राहिला. व्याज अडीच टक्के, परतफेड बारा वार्षिक हप्त्यांत, तीही रुपयांत; त्या रुपयांतून रशियाने आपलाच माल विकत घ्यायचा. ४ फेब्रुवारी १९५९ ला राजेंद्रप्रसादांनी पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन केलं, तोवर शेकडो भारतीय अभियंते रशियात शिकून आले होते. सोव्हिएत संघालाही राजकारण होतंच. भिलाईसाठी इथली गावं उठली, तेही विसरता येत नाही. तरीही हप्ते फिटले, कारखाना आपला राहिला आणि विद्या आपल्या माणसांच्या हातात आली. लाओस, केनिया, झांबियात चिनी पैशावर झालेल्या रुळांना आणि धरणांना याच कसोटीवर तपासावं, असं मला वाटतं. आपल्या देशातून आफ्रिकेत जाणाऱ्या कर्जांनाही हीच कसोटी लावू.

आजच्या संध्याकाळच्या सत्रात भिलाईतून निवृत्त झालेले काही अभियंते बोलणार आहेत. रशियन तज्ज्ञांनी काय शिकवलं, काय हातचं राखलं, हे त्यांना मोकळेपणाने विचारा. तरुण अभ्यासकांना माझी विनंती आहे की परकीय कर्जाचा करार कसा वाचावा, याची एक छोटी पुस्तिका सोप्या मराठीत या परिषदेतून तयार व्हावी. छपाईचा खर्च स्वागत समिती उचलेल.

आपल्या राहण्या-जेवणाच्या व्यवस्थेत काही उणं वाटलं तर आमच्या कार्यकर्त्यांना हक्काने सांगा. आता अध्यक्षमहोदयांनी परिषदेची सूत्रं हाती घ्यावीत, अशी त्यांना नम्र विनंती करतो.