व्याकरणाचे शब्द आणि घरची बोली



काही वर्षांपूर्वी पेडणे तालुक्यातील एका मराठी शाळेच्या निबंधवह्या माझ्या पाहण्यात आल्या. विषय होता ‘माझे घर’. एका मुलाने आपल्या धाकट्या बहिणीविषयी लिहिले होते, ‘ते पहिलीत आहे. ते छान गाते.’ तपासणाऱ्याने दोन्ही ‘ते’ तांबड्या शाईने खोडून समासात ‘अशुद्ध’ एवढाच एक शब्द लिहिला होता. मी वहीचे पुढले पान उलटले. विषय होता ‘गणेशचतुर्थी’. घरातली सारी माणसे त्यात आली होती. बहीण तेवढी आली नव्हती.

त्या मुलाचे चुकले काय? तो घरी कोकणी बोलतो. कोकणीत लहान मुलीला ‘चेडूं’ म्हणतात. तो शब्द नपुंसकलिंगी, म्हणून ‘तें आयलें’ असेच म्हणावयाचे. त्यात हेटाळणी नाही. असलाच तर लडिवाळपणा आहे. आपल्या मराठीतही ‘मूल’, ‘पोर’, ‘लेकरू’ हे शब्द नपुंसकलिंगीच आहेत. प्राण्याचे लिंग निराळे आणि शब्दाचे लिंग निराळे, एवढी गोष्ट शिक्षकाने सांगितली असती, तर मुलाला आपल्या घरच्या बोलीची लाज वाटली नसती आणि मराठीतला ‘ती’ही त्याने आनंदाने लिहिला असता. ‘लिंग’ ही संज्ञा त्याने पाठ केली होती. तिचा उपयोग कोठे करावयाचा हे मात्र त्याला कोणी दाखविले नव्हते.

व्याकरणाच्या संज्ञा म्हणजे परीक्षेपुरता घोकण्याचा मजकूर, अशी समजूत रूढ झाली आहे. वस्तुतः त्या अगदी अर्थवाही आहेत. ‘अव्यय’ हाच शब्द घ्या. व्यय म्हणजे खर्च हे डिचोलीच्या बाजारात बसणाऱ्या दुकानदाराच्या मुलाला सांगावे लागत नाही. जो शब्द वाक्यात कोठेही वापरला तरी झिजत नाही, बदलत नाही, तो अव्यय. ‘उभयान्वयी’ म्हणजे उभयतांना जोडणारा. अशी फोड करून दिली की निम्मे पाठांतर वाचते. (‘समास’ या शब्दाची तर मोठीच मौज आहे. वहीची मोकळी सोडलेली बाजू समास, जोडशब्द समास आणि दासबोधातील दोनशे प्रकरणेही समासच! मुलांचा गोंधळ उडाला तर त्यात नवल नाही.)

परंतु पेडणे-डिचोलीकडच्या विद्यार्थ्याला या संज्ञांची गरज इतरांहून अधिक आहे. त्याला दोन भाषा शेजारी शेजारी ठेवून पाहावयाच्या असतात. मराठीत ‘घोडा’, कोकणीत ‘घोडो’. येथे भेद स्पष्ट आहे. पण प्रत्यय लावताच मराठीत ‘घोड्याला’ होते आणि कोकणीत ‘घोड्याक’. प्रत्यय दोन, परंतु त्यांच्यापूर्वीचे ‘घोड्या’ हे रूप दोन्हीकडे एकच! याच रूपाला आपण सामान्यरूप म्हणतो. ही संज्ञा शिकविण्यास याहून चांगले उदाहरण मला अद्याप सापडलेले नाही, आणि ते मुलाच्या तोंडातच आहे. प्रयोगाचेही तसेच. ‘रामाने आंबा खाल्ला, चिंच खाल्ली, केळे खाल्ले’ येथे क्रियापद रामाकडे ढुंकूनही पाहत नाही, कर्मामागे जाते. घरी ‘आंबो खालो, चिंच खाली, केळें खालें’ म्हणणारे मूल हा कर्मणी प्रयोग शाळेत येण्यापूर्वीच बिनचूक करीत असते. त्याला फक्त नाव द्यावयाचे असते.

ही नावे काही एका दिवसात ठरली नाहीत. यास्काने शब्दांचे नाम, आख्यात, उपसर्ग आणि निपात असे चारच वर्ग मानले. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण १८३६ मध्ये प्रसिद्ध झाले; मोरो केशव दामले यांचा ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ हा ग्रंथ १९११ चा. आठ शब्दजातींचा साचा इंग्रजी व्याकरणातून आला आणि नावे संस्कृताच्या टाकसाळीत पाडली गेली. गोव्यात तर त्याहून कितीतरी आधी, १६४० मध्ये, रायतूर येथे फादर स्टीफन्स यांचे कोकणीचे व्याकरण पोर्तुगीजमध्ये छापले गेले. त्याचा साचा लॅटिनचा. पुढे ज्यांनी कोकणीचे व्याकरण कोकणीतच लिहिले ते शणै गोंयबाब १८७७ मध्ये जन्मले डिचोलीला. तेव्हा व्याकरण हा या मातीला परका विषय आहे, असे कोणी म्हणू नये. कोणती भाषा थोर, या वादात मला आज शिरावयाचे नाही; नाम, सर्वनाम, विशेषण यांची समज दोन्ही घरी कामास येते.

वाङ्मयाच्या परिभाषेविषयी एकच सांगतो. यास्काने क्रियापदाला ‘आख्यात’ म्हटले. पेडण्याच्या मुलाला हा शब्द कठीण वाटेल. पण देवळापुढे रात्रभर जागून त्याने दशावतारी नाटकातले ‘आख्यान’ पाहिलेले असते. दोहोंचा धातू एकच, अर्थ सांगणे. त्या रंगभूमीवर संवाद लिहून दिलेले नसतात, नट ते उभ्या उभ्या रचतात. ‘संवाद’, ‘स्वगत’, ‘पात्र’, ‘प्रवेश’ हे शब्द शिकवावयाचे तर नाटकाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शिकवावेत. मुले पेंगत असतील हे खरे, तथापि उदाहरणे ताजी असतील.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना माझी विनंती इतकीच आहे की, वहीच्या समासात ‘अशुद्ध’ हा शब्द लिहिण्यापूर्वी क्षणभर थांबावे आणि त्याऐवजी नेमकी संज्ञा लिहावी: ‘लिंग पाहा’, ‘सामान्यरूप पाहा’, ‘वचन पाहा’. मुलाने विचारले, ‘गुरुजी, आमच्या घरी असेच म्हणतात,’ तर त्याला फळ्यापाशी बोलवावे. एका बाजूला घरचे वाक्य लिहावयास सांगावे, दुसऱ्या बाजूला पुस्तकातले.